नकाशा बोलतो, पण फक्त आजचे
#थ्रेड

(१) इतिहासाची साधने म्हटली की बखरी, ताम्रपट आणि पेशवे दप्तर आठवतात. गावच्या जमिनीचे दप्तर मात्र सहसा आठवत नाही. आज हे दप्तर संगणकावर नकाशाच्या रूपाने पाहता येते. ही सोय मोलाची आहे. पण ती इतिहासाच्या उंबरठ्यावर येऊन थांबली आहे, असे माझे मत आहे. मोरवा गावाच्या निमित्ताने ते मांडतो.

(२) भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी ही गावे लागतात. हा सारा भाग जुन्या साष्टीचा. १७३७ मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी ती बळकावली. राज्यकर्ते बदलले, तरी शेत, खाजण आणि मिठागर यांचा हिशेब प्रत्येकाला हवाच होता.

(३) आजच्या सर्वे नंबरांची परंपरा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात हाती घेतलेल्या पाहणीपासून सुरू होते. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

(४) या व्यवस्थेत माहिती वेगवेगळ्या कागदांत विभागलेली असते. गाव नकाशात जमिनीचा आकार, टिपणात मापे, सातबाऱ्यावर धारकाचे नाव आणि फेरफारात हक्क कसा बदलला त्याची नोंद. यांतले काहीही पाहायचे तर आधी सर्वे नंबर ठाऊक हवा. ज्याला नंबर ठाऊक नाही, त्याला दप्तर मुके.

(५) ‘महाभूनकाशा’ने ही अट सैल केली. जिल्हा, तालुका, गाव निवडा, नकाशा उघडतो, तुकड्यावर बोट ठेवा, त्याची माहिती समोर येते. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या सुमारास वॉशिंग्टनमधील घरे अशीच नकाशावर ठिपक्यांनी दाखवली होती. सरकपट्टी हलवली की अटींत न बसणारी घरे नाहीशी होत. आधी समग्र चित्र, मग हवा तो भाग, शेवटी तपशील, हे श्नायडरमन यांचे सूत्र पुढे प्रसिद्ध झाले.

(६) याचे महत्त्व अभ्यासापुरते नाही. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धा-मोरवा परिसर ठरला होता. गावकऱ्यांच्या विरोधानंतर ती जागा बदलून डोंगरीकडे नेण्यात आली. कोणत्याही प्रकल्पाच्या भूसंपादनात जमीन कागदावर येते ती सर्वे नंबरांच्या यादीतून. त्या यादीतले आकडे नकाशावर ओळखता आले, तरच आपले काय जाणार आहे हे गावाला दिसते.

(७) मग उणीव कोणती? या नकाशाला काळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेले शेत आणि अनेकदा हात बदललेला तुकडा, दोन्ही तिथे सारख्याच रेषेने आखलेले दिसतात. जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून ठेवले आहेत खरे, पण तिथे पुन्हा नंबर हातात घेऊनच जावे लागते. म्हणजे नकाशा एका खिडकीत आणि त्याचा भूतकाळ दुसऱ्या.

(८) या दोन खिडक्या एक व्हायला हव्यात. तुकड्यावर बोट ठेवताच त्याच्या फेरफारांची मालिका तारखांसह उलगडावी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून सरकपट्टीने पारदर्शक करता येतो. तसा आपला गाव नकाशा का पाहता येऊ नये?

(९) आक्षेप येईल, की यातून लोकांचे खासगी व्यवहार उघडे पडतील. आक्षेप रास्त आहे. अभ्यासकाला हयात धारकांची नावे नकोच असतात. ती झाकता येतील. पण जमिनीचा वापर, तिचे तुकडे आणि तारखा झाकण्याचे कारण नाही.

(१०) मित्रहो, खाडीकाठच्या गावांचे रूप झपाट्याने पालटते आहे. खाजण कुठे होते आणि मिठागर कुठे संपत होते, हे सांगणारी पिढी थकत चालली आहे. आपल्या गावाचा नकाशा आजच उघडा, घरातल्या जाणत्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येक तुकड्याचे त्यांच्या तोंडचे नाव लिहून घ्या. ती नावे सातबाऱ्यावर सापडतीलच असे नाही.