गोळ्या उपकेंद्रात हव्यात

‘म्हातारी नुसती काडी झालीय, तिला कसली शुगर?’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात त्याचं उत्तर आहे. आपली बाळं वजनाला हलकी असतात, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. बारीक माणसालाही मधुमेह गाठतो, त्याचं हे एक कारण. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीत ग्रामीण भागात मधुमेही ८.९ टक्के आढळले, शहरात १६.४. मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, १५ टक्क्यांवर. गावाची पाळी आता येतेय.

आजार कळला तरी खरी अडचण पुढेच. आरोग्य केंद्र लांब, सोबत यायला मुलगा गावात नाही, आणि हेलपाटा घालून दहाच दिवसांच्या गोळ्या हाती पडल्या तर म्हातारं माणूस काय करणार? अर्धी मोडून पुरवतं. एक दिवस घेतं, एक दिवस चुकवतं. वर ‘गोळीची सवय लागते’ असं सांगणारे शेजारी आहेतच! डॉक्टर याला निष्काळजीपणा म्हणतात. मला तो काटकसरीचा हिशेब वाटतो.

एकादशीचं तर कुणी विचारतच नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतली आणि पोटात अन्न गेलं नाही, की साखर उतरते. दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी. घरचे म्हणतात, अशक्तपणा. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की तीच साखर सरसरून वर. औषध देताना ‘आजी, उपास कोणते धरता?’ एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?

पायांचंही तेच. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही. जखमेला वास सुटला की मग तालुक्याकडे धावपळ.

मधुमेहासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. आशाताई तिशीपुढच्यांचे फॉर्म भरतात, शिबिरात बोटं टोचली जातात, आकडे वर जातात. मोजणी पुष्कळ झाली. साखर आटोक्यात असलेल्यांना तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळाव्यात, आणि प्रत्येक फेरीला चपला काढायला लावून पाय बघावेत. येत्या ग्रामसभेत रस्ता-गटाराच्या विषयांआधी एवढं विचारा: उपकेंद्रात शुगरच्या गोळ्या आज किती आहेत?