वसिष्ठ दिसतो, अरुंधती दिसत नाही

विवाहविधीत सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव, सप्तर्षी आणि अरुंधती दाखवण्याची प्रथा आहे. आजकाल हा विधी वातानुकूलित मंगल कार्यालयात, बहुधा भर दुपारी उरकला जातो. गुरुजी छताकडे बोट दाखवतात, वधूवर छताकडे पाहून हात जोडतात, छायाचित्रकार तेवढे टिपून घेतो आणि पंगतीची घाई सुरू होते. छताला झुंबर टांगलेले असते. उपस्थित दोन-चारशे सुशिक्षित माणसांपैकी एकालाही यात काही विपरीत वाटत नाही.

समजा, एखाद्या हौशी वराने रात्री वधूला गच्चीवर नेले. वैशाखात रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. शेपटीतील तिघांपैकी मधला तो वसिष्ठ. पुण्या-मुंबईच्या धुरकट, उजळलेल्या आकाशातही तो ओळखता येतो. त्याला खेटून असलेली अंधुक अरुंधती मात्र शहराच्या मध्यवस्तीतून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिला वसिष्ठाच्या शेजारून उठवण्याचे काम कोणा परकीय आक्रमकाने केलेले नाही. ते नगरपालिकांच्या विद्युत विभागांनी, गृहसंकुलांच्या फ्लडलाइटांनी आणि भाविकांच्या रोषणाईने केले आहे.

हे ज्या समाजात घडते तो आकाशाला परका समाज नव्हता. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत कोणत्याही पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडला जातो, त्याची रचना एकदा लक्षपूर्वक ऐकावी. तो ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून सुरू होतो. तेथून श्वेतवाराह कल्प, त्या कल्पातील वैवस्वत मन्वंतर, त्यातील अठ्ठाविसावे कलियुग, त्याचे प्रथम चरण असा पायरी-पायरीने खाली उतरतो. मग येते भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. आणि सर्वांत शेवटी पळीभर पाणी हातात घेऊन पाटावर बसलेला यजमान, त्याचे गोत्र आणि त्याचे नाव. एका कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि त्याच्या टोकाला सोवळे नेसलेला एक माणूस! आपण किती लहान आहोत याचा उच्चार आधी, देवाकडे मागणे नंतर, असा हा क्रम आहे. (यजमानाचे लक्ष त्या वेळी बहुधा मोबाइलवर असते, तो भाग निराळा.)

या संकल्पातील नक्षत्राला ज्याचा आधार आहे, ते आकाश प्रत्यक्षात केवढे आहे?

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात एक मोसंबे ठेवले आणि त्याला सूर्य मानले, तर पृथ्वी म्हणजे त्याच्यापासून साडेसात मीटरवर पडलेला खसखशीचा दाणा. सूर्यमालेतील शेवटचा ग्रह नेपच्यून सव्वादोनशे मीटरवर, म्हणजे हाकेच्या अंतरावर. इथवर सारे शनिवार पेठेत मावते. आता शेजारचा तारा. वैशाख-ज्येष्ठात महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजालगत दिसणारा ‘मित्र’ हा सूर्यासारखाच तारा आहे आणि तो आपल्या अगदी निकटच्या शेजाऱ्यांपैकी एक. हे दुसरे मोसंबे कोठे ठेवावे लागेल? गुवाहाटीला. मधल्या दोन हजार किलोमीटरांत ठेवण्याजोगे जवळजवळ काही नाही. ज्या आकाशगंगेत ही दोन्ही मोसंबी आहेत, ती याच मापाने मांडायची तर सारी पृथ्वी अपुरी पडते. पावणेपाच कोटी किलोमीटर जागा लागते. त्या आकाशगंगेत असे दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. आणि आकाशगंगेसारख्या दीर्घिका विश्वात अब्जावधी आहेत.

असे आकडे वाचून माणूस चकित होतो आणि पान उलटतो. आकाश पाहून तो तसा सुटू शकत नाही. वसिष्ठाचा जो प्रकाश आज डोळ्यांत शिरतो, तो तेथून निघाला तेव्हा हा देश पारतंत्र्यात होता. चित्रेचा आजचा प्रकाश पेशवाईतला आहे. कृत्तिकांचा त्याहून जुना. तो निघाला तेव्हा शिवरायांचा जन्म व्हायचा होता. शरदात अंधाऱ्या माळरानावरून देवयानी दीर्घिका कापसाच्या पुसट बोळ्यासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे वाटचाल करत आलेला असतो. तो निघाला तेव्हा आजच्या अर्थाने माणूस पृथ्वीवर नव्हता. एकाच रात्री, एकाच मान वर करण्यात स्वातंत्र्यलढा, पेशवाई, शिवपूर्वकाळ आणि मनुष्यपूर्वकाळ एकदम दिसतात. इतिहासाचे असे पुस्तक दुसरे नाही, आणि ते फुकट होते.

‘होते’ असे म्हणण्याची वेळ का आली, तेही आकड्यांत सांगता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या आकाशाच्या जागतिक नकाशाने दाखवले, की जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना ते राहतात तेथून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून, रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी सुमारे दहा टक्के या वेगाने उजळत असल्याचे आढळले. या गतीने सात-आठ वर्षांत उजेड दुप्पट होतो. आपल्याकडे गेल्या दशकात रस्तोरस्ती पांढरे एलईडी दिवे लागले. वीज वाचली, हे चांगले झाले. पण त्या प्रकाशातील निळा अंश हवेत अधिक विखुरतो, आणि दिवा स्वस्त झाला म्हणून एकाच्या जागी तीन लागले. दिवे रस्त्यासाठी, त्यातला कितीतरी उजेड जातो आभाळात. जो रस्त्यावर पडतच नाही त्या उजेडाचे बिल करदाता भरतो, आणि याला विकास म्हणायचे!

आकाशाच्या या विस्तारावरून आपल्याकडील एका विचारवंत वर्गाने एक निष्कर्ष फार दिवस चालवला आहे. विश्व अफाट, पृथ्वी धुळीचा कण, माणूस त्या कणावरचा जंतू. तेव्हा तुमचे संस्कार, तुमची कुळे, तुमची राष्ट्रे यांचे कौतुक कशाला? वरवर हे मोठे शास्त्रीय वाटते. प्रत्यक्षात आकारमानावरून महत्त्व ठरवण्याचा हा बाळबोध हिशेब आहे. तो खरा मानला तर ज्ञानोबांपेक्षा त्यांनी चालवलेली भिंत थोर म्हणावी लागेल. शिवाय ज्या न्यायाने राष्ट्र धुळीत जाते, त्याच न्यायाने या मंडळींचे मानवी हक्क, समता आणि चर्चासत्रेही धुळीतच जातात. तेथे मात्र हा न्याय लावला जात नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ यानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात पृथ्वी एक फिकट निळा ठिपका आहे, एका चित्रबिंदूहूनही लहान. ते छायाचित्र घ्यावे असा आग्रह धरणारे कार्ल सेगन देवभोळे नव्हते. पण त्यांनीही त्या ठिपक्यावरून सारे फोल असल्याचा निष्कर्ष काढला नाही. एकमेकांशी अधिक ममतेने वागण्याची आणि हे एकमेव घर जपण्याची जबाबदारी त्यांना त्यात दिसली. खसखशीच्या दाण्यावर राहणाऱ्याने गुवाहाटीच्या मोसंब्याचे अंतर मोजले, हे त्या विस्ताराइतकेच थक्क करणारे आहे.

दुसरा वर्ग घरचाच आहे, त्यामुळे त्याला अधिक स्पष्ट बोलायला हवे. हे सारे आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते, असे म्हणून हा वर्ग झोपी जातो. कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि विज्ञानाने काढलेले पृथ्वीचे ४५४ कोटी वर्षांचे वय हे दोन आकडे शेजारी मांडले की त्याचे समाधान होते. कल्पाचा आकडा ही विराट काळ कल्पण्याची हिंमत आहे, आणि ती खरोखर मोठी आहे. ते मोजमाप मात्र नव्हे. मोजमाप करणारे पूर्वज वेगळे, आणि त्यांची रीतही वेगळी. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले. पुढे त्याच परंपरेतील ब्रह्मगुप्ताने त्यावर कठोर टीका केली. कोणीही ‘हे आधीच लिहून ठेवले आहे’ म्हणून स्वस्थ बसले नाही. २०१७ मध्ये पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने दीर्घिकांचा एक महासमूह शोधला गेला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे आणि मीन तारकासमूहाच्या दिशेला आहे. त्याचे नाव सरस्वती. २०२५ च्या मार्चमध्ये शनी मीन राशीत आला तेव्हा घरोघरी साडेसातीची चर्चा झाली. त्याच मीनेत पुणेकरांनी शोधलेली सरस्वती आहे, हे त्यांपैकी किती घरांत ठाऊक होते?

लोकमान्यांचे ‘ओरायन’ हे पुस्तक १८९३ चे. मृगनक्षत्राच्या आधारे वेदकाळ ठरवण्याचा तो प्रयत्न होता. त्यातील कालनिर्णय पुढच्या अनेक संशोधकांना मान्य झाला नाही; ते असो. पुस्तक लिहिणाऱ्याला मृग आकाशात दिसत होता, हे महत्त्वाचे. त्याच १८९३ च्या सुमारास याच लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यास बळ दिले. आज त्या उत्सवाच्या मिरवणुकीत ट्रकवर चढवलेले झोत ढगांना भोसकत फिरतात. लेसर झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांना त्यांवर बंदी घालावी लागली. बंदी पोलिसांनी का घालावी लागावी? मंडळाच्या एकाही अध्यक्षाने आधी स्वतःहून ‘हे नको’ म्हटले असते, तर ते लोकमान्यांच्या जातीला अधिक शोभले असते. तीच गोष्ट देवस्थानांची आणि गडकोटांची. रात्रभर रंग बदलणाऱ्या दिव्यांत न्हालेला किल्ला शिवकाळातला वाटत नाही, लग्नाच्या हॉलसारखा वाटतो. त्या गडावरच्या पहारेकऱ्याच्या माथ्यावर जे आकाश होते तेच आपण पुसून टाकतो, आणि त्याला वारसा-संवर्धन म्हणतो.

आकाशाचा आणखी एक भाग डोळ्यांना दिसत नाही, तोही संकटात आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात मांडलेल्या. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतील हायड्रोजन वायूतून निघालेला क्षीण रेडिओ-संदेश तिने टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. पृथ्वी जन्मण्याच्या चारशे कोटी वर्षे आधीचा संदेश नारायणगावच्या द्राक्षबागांशेजारी येऊन पोचला! अशा दुर्बिणीला मोबाइल मनोऱ्यांचा आणि विद्युत यंत्रांचा गलबला जाचतो. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही तिच्या संरक्षणाचा प्रश्न आला. रेल्वे हवी ही तेथील शेतकऱ्याची मागणी रास्तच आहे. पण दुर्बीण म्हणजे अडगळ, असा सूर जेव्हा निघतो तेव्हा विचारावेसे वाटते, की काशीच्या देवळातील घंटानाद ऐकू यावा म्हणून रस्ता वळवला असता तर त्याला कोणी अडगळ म्हटले असते काय?

करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते खर्चिकही नाही. लडाखमधील हान्ले येथे २०२२ मध्ये कृष्ण-आकाश क्षेत्र जाहीर झाले. तेथील ग्रामस्थांनी दिव्यांना झाकणे आणि खिडक्यांना जाड पडदे लावले, त्यांच्यातील काही जण दुर्बीण चालवायला शिकले आणि पाहुण्यांना आकाश दाखवून चार पैसे मिळवू लागले. आपल्या विदर्भातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. त्यासाठी भोवतालच्या गावांतील रस्त्यांचे दिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळवण्यात आला. गावे अंधारात बुडाली नाहीत. रस्ता दिसतो आणि आकाशही दिसते.

मग कोथरूडला, ठाण्याला, नाशिकला हे का होऊ नये? दिव्याला वरून टोपी, प्रकाश पिवळसर, जाहिरात फलक आणि देवळाची रोषणाई रात्री अकराला बंद, मिरवणुकीत आकाशाकडे एकही झोत नाही. यांपैकी एकाही गोष्टीसाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत ठराव करता येतो, मंडळाच्या बैठकीत करता येतो. प्रभागात रोषणाईच्या निविदा निघतात, तेव्हा नगरसेवकाच्या दारात जाऊन विचारता येते, की यातील किती दिवे खाली पाहणारे आहेत आणि किती वर.