हसण्याचीही चोरी!

गर्भपातासारख्या विषयावर विनोद करणे म्हणजे सुतकाच्या घरी सनई वाजवणे, असे मानणारे सोवळे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, समजुतीविषयी आहे.

त्यांनी अलेक्झांडर पेन या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९९६ सालचा 'सिटिझन रूथ' अवश्य पाहावा. लॉरा डर्नने रंगवलेली त्यातली रूथ ही कोणी सतीसावित्री नव्हे. रंगाची वाफ हुंगून नशा करणारी, चार मुले दुरावलेली, आणि पुन्हा गरोदर. गर्भाला धोका पोचवल्याचा गुन्हा तिच्यावर येतो, आणि न्यायाधीशच हळूच सुचवतो की, गर्भ पाडलास तर बघू! तेथून दोन्ही छावण्या तिच्यावर तुटून पडतात. गर्भरक्षक तिला घरी ठेवून घेतात. हक्कवाले हेराकरवी तिला पळवतात. मूल ठेवावे म्हणून एक बाजू पैसे देऊ करते, तर दुसरीकडूनही तेवढीच रक्कम पुढे येते. अखेर गर्भ आपोआपच पडतो. रूथ ते लपवते, पैसे उचलते, आणि घोषणा देणाऱ्या जमावामधून चालत निघून जाते. तिला कोणी ओळखतही नाही!

यावर आक्षेप असा की, चित्रपटाने बाजू घेतली नाही, दोघांनाही एकाच काठीने हाकले. मला हे मान्य नाही. चित्रपट हक्काला हसत नाही. हक्काचा झेंडा नाचवताना त्याखालची बाई विसरणाऱ्यांना हसतो. रूथ सुशील असती तर तिची कड घेणे सोपे होते. परंतु नावडत्या बाईलाही जो मिळतो तोच हक्क. बाकीची सारी बक्षिसी.

'रो विरुद्ध वेड' या १९७३ च्या निकालाने दिलेले संरक्षण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली काढून घेतले. तेव्हा आता तरी हसू नये, असे म्हणतात. मी म्हणतो, आताच हसावे, आणि मोठ्याने हसावे.

आपल्याला हे हसणे नवे नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बेणारेबाईंवर खेळ म्हणून भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात, आणि तेच कोर्ट शेवटी तिचा गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. मीही पेशाने शिक्षक. बेणारेबाईंना शाळेतून काढताना दिलेली नीतीची कारणे मला परकी वाटत नाहीत.

आपला १९७१ चा कायदा उदार खरा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातला 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हा शब्दप्रयोगही बदलला. तथापि निर्णयाचा आधार आजही डॉक्टरांचे मत हाच आहे. बाईची इच्छा एकटी पुरत नाही. तिच्याविषयी सगळे बोलतात आणि तिला विचारायचे तेवढे राहून जाते, तोवर असले चित्रपट निघालेच पाहिजेत. सोवळ्या रसिकांनी हवे तर कानांवर हात ठेवावेत.