एक अंशाची टेकडी आणि दोन वर्षांची नोकरी

बुकित तिमाहच्या माथ्यावर तुम्ही कधीतरी रविवारी सकाळी गेला असाल. घाम पुसत तिथल्या मोठ्या दगडापाशी फोटोही काढला असेल. त्या दगडावर उंची कोरलेली आहे : १६३.६३ मीटर. सिंगापूरमध्ये याहून उंच नैसर्गिक जागा नाही.

आता एक छोटं गणित करू. डोंगर चढताना दर शंभर मीटरला तापमान साधारण ०.६ अंश सेल्सियसने उतरतं. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून बुकित तिमाहच्या माथ्यापर्यंत फरक पडतो जेमतेम एक अंशाचा. दुसरीकडे, १९४८ ते २०१६ या काळात सिंगापूरचं सरासरी तापमान दर दशकाला ०.२५ अंशाने वाढलं. बेरीज केली तर दीड अंशाहून जास्त. यातला काही भाग शहराच्या सिमेंट-डांबराचा आहे आणि जंगलाच्या सावलीत परिस्थिती बरी असते, हे खरं. तरीही सरळ अर्थ असा, की गारवा शोधत वर सरकायचं ठरवलं तर इथल्या झाडांना अख्ख्या देशात पुरेसा चढच नाही.

हे सांगण्याचं कारण वेगळंच आहे. समजा तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलीला अल्पाइन वनस्पतींच्या समुदायांवर काम करण्यासाठी पोस्टडॉकची जागा मिळाली. अल्पाइन म्हणजे वृक्षरेषेच्या वरचा पट्टा, जिथे झाडं संपतात आणि बोटभर उंचीची झुडपं, गवतं, फुलं उरतात. घरात पहिला प्रश्न येतो, "दोन वर्षांनी पुढे काय?" आणि दुसरा, "डोंगरावरची फुलं मोजून काय होणार?" माझं म्हणणं असं, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार चांगलं आहे. पहिला प्रश्न मात्र योग्य असूनही आपण तो चुकीच्या माणसाला विचारतो.

आधी दुसरा. २०१८ साली 'नेचर'मध्ये युरोपातल्या ३०२ शिखरांचा अभ्यास आला. आधाराला तब्बल १४५ वर्षांच्या नोंदी होत्या. ८७ टक्के शिखरांवर वनस्पतींच्या जातींची संख्या वाढलेली दिसली, आणि २००७ ते २०१६ या दशकातली वाढ १९५७ ते १९६६ या दशकाच्या पाचपट होती. ऐकायला छान वाटतं. पण ही वाढ म्हणजे खालच्या जातींनी वर येणं. मग आधीपासून तिथे असलेल्यांचं काय?

याच प्रश्नासाठी स्वित्झर्लंडमधल्या कालांडा डोंगरावर एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्पाइन रोपं खाली, उबदार जागी नेऊन लावली. काहींच्या शेजारी त्यांच्या नेहमीच्याच जाती होत्या, काहींच्या शेजारी खालच्या उंचीवरच्या नव्या जाती. नव्या शेजाऱ्यांमध्ये ती बरीच जास्त मागे पडली. म्हणजे नुसता थर्मामीटर पाहून भागत नाही, कोण कोणाच्या शेजारी उगवतं हेही पाहावं लागतं. समुदायाची इकॉलॉजी म्हणतात ती हीच.

आपल्याकडचं उदाहरण हवं? जोसेफ हूकरने १८४९-५० मध्ये सिक्कीम हिमालयात कोणती वनस्पती किती उंचीवर दिसते ते टिपून ठेवलं होतं. दीडशेहून अधिक वर्षांनी भारतीय संशोधकांनी तेच पट्टे पुन्हा तपासले. अभ्यासलेल्या १२४ प्रदेशनिष्ठ जातींपैकी ८७ टक्के जातींचे उंचीचे पट्टे बदललेले आढळले. हूकरने वहीत आकडे लिहिले नसते तर हा बदल कोणालाच कळला नसता.

सिंगापूरमधून विमानाने अडीच तासांच्या आसपास असलेला किनाबालू पाहा, उंची ४,०९५ मीटर. इथल्या बोटॅनिक गार्डन्समध्ये १९२९ पासून काम केलेल्या कॉर्नर यांनी पुढे १९६१ आणि १९६४ मध्ये रॉयल सोसायटीच्या मोहिमा त्याच डोंगरावर नेल्या. १९६५ मध्ये तिथे पतंगांची वेगळी मोजणी झाली, मग २००७ मध्ये त्याच जागांवर पुन्हा. ४२ वर्षांत पतंगांच्या जाती सरासरी ६७ मीटर वर सरकल्या होत्या.

या सगळ्या गोष्टींत सारखं काय आहे? कोणीतरी आधी मोजून ठेवलं होतं, आणि जागा पुन्हा सापडण्यासारखी होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अल्पाइन पट्ट्यात उगवण्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोन उन्हाळे. पहिल्यात परवानग्या काढायच्या आणि चौकटी आखायच्या, दुसऱ्यात एकदा मोजायचं, की करार संपला. तिथली कित्येक झुडपं मात्र दशकानुदशकं जगतात. सह्याद्रीतली कारवी आठवा. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. दोन वर्षांचा संशोधक तिचं फूल न बघताच परत जाऊ शकतो.

म्हणून "पुढे काय?" हा प्रश्न त्या मुलीला विचारू नका, तिला नेमणाऱ्यांना विचारा. चौकटींचं पुढे काय? तिच्यानंतर कोण मोजणार? याला जमणारं उत्तर सिंगापूरमध्येच आहे. बुकित तिमाहच्या राखीव जंगलात १९९३ मध्ये दोन हेक्टरचा कायमचा भूखंड आखला गेला. एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांक दिला आणि ठरावीक काळाने फेरमोजणी होत राहिली. संशोधक बदलले, भूखंड तोच राहिला. अशा ठिकाणी दोन वर्षांचं कामही वाया जात नाही, कारण ते लांब साखळीतली एक कडी असतं.

कोणी म्हणेल, सगळ्यांना कायमच्या नोकऱ्या द्यायला पैसा कुठून आणणार? मान्य. पण माझी मागणी तेवढी मोठी नाही. भूखंडाला दीर्घ मुदतीचा निधी द्या, मोजणीची पद्धत लिहून ठेवा आणि नोंदी सर्वांना खुल्या करा. मग माणसं दोन वर्षांसाठी आली तरी चालेल. जुन्या नोंदींची ताकद इथे सिद्ध झालीच आहे : २०२३ च्या एका अभ्यासाने संग्रहालयं आणि हर्बेरियमच्या नोंदींवरून अंदाज बांधला, की दोन शतकांत सिंगापूरमधल्या सुमारे ३७ टक्के जाती इथून नाहीशा झाल्या.

तुमच्या घरात कोणी अशी जाहिरात वाचत असेल तर विद्यापीठाच्या क्रमवारीआधी चार गोष्टी बघायला सांगा. जुन्या नोंदी किती वर्षांच्या आहेत? करारात हंगाम किती बसतात? नोंदींवर नाव कोणाचं राहणार? आणि करार संपल्यावर मोजणी चालू राहणार का?

शेवटी थोडं घरचं. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. उंची साधारण बाराशे मीटर. तेरडा, गेंद, सीतेची आसवं बघायला आपण सुट्टीत जातो, फोटो काढतो. तिथून वर सरकायचं म्हटलं तर महाराष्ट्राचा सर्वांत उंच माथा, कळसूबाई, १,६४६ मीटरवरच संपतो. बुकित तिमाहसारखाच तिथेही चढ थोडाच शिल्लक आहे. पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा जागा, उंची आणि तारीखही लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते शोधत येईल.