सापाला वास कळतो, प्लॅस्टिक कळत नाही

"दादा, साप पाळला आणि त्यानं भलतंच काही गिळलं तर?" हा प्रश्न आता वडूजमध्येही विचारला जातो. मोबाईलवर परदेशातली पोरं गळ्यात अजगर घालून बसलेली दिसतात. मग इथल्याही एखाद्याला वाटतं, मळ्यात सापडलेलं धामणीचं पिल्लू बरणीत ठेवावं, शाळेतल्या दोस्तांना दाखवावं. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं पहिलं उत्तर त्या पोराला आवडणारं नाही. पिल्लू बरणीत ठेवायचंच नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ यांना पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. "बिनविषारी होता हो" ही सबब तिथं चालत नाही. पुण्या-मुंबईत कुणाकडे बॉल पायथनसारखा परदेशी साप बघितला असेल, तर त्याचीही 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. थोडक्यात, इथला साप हौस म्हणून पाळणं आपल्याकडं कायद्यात बसत नाही. पण तुम्ही पाळा किंवा पाळू नका, साप तुमच्या अंगणात येणारच आहे. आणि त्यानं काय गिळावं हे पुष्कळदा तुम्ही अंगणात काय टाकलंय त्यावर ठरतं. म्हणून हे आवाहन साप पाळू पाहणाऱ्या एका पोरापुरतं नाही, सगळ्या घरांसाठी आहे.

आधी साप गिळतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. सापाची जीभ सारखी आत-बाहेर होते ती डंख मारायला नव्हे. हवेतले नि जमिनीवरचे वासाचे कण ती गोळा करते आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवते. भक्ष्य ओळखायला सापाचा सगळ्यात मोठा भरवसा या वासावर. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढून हाडानं जोडलेले नसतात, ताणल्या जाणाऱ्या दोरीसारख्या ऊतींनी बांधलेले असतात. म्हणून तोंड एवढं उघडतं. दात आतल्या बाजूला वळलेले. एक बाजू पुढं सरकते, मग दुसरी, असं करत साप भक्ष्यावर स्वतःला चढवत नेतो, आपण पायात मोजा चढवतो तसा. दात आत वळलेले असल्यामुळं एकदा धरलेली वस्तू पुढंच जाते, मागं यायला फार जड. गिळताना श्वास कोंडू नये म्हणून श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशी पुढं सरकतं. ही सगळी रचना उंदीर, बेडूक, पाखरू, अंडं यांच्यासाठी आहे. पोटातल्या आम्लात उंदराचं हाड विरघळतं. प्लॅस्टिकची डबी विरघळत नाही.

आणि त्या डबीला उंदराचा वास असेल तर सापाला फरक कळायचा कसा?

अमेरिकेत आयडाहो राज्यात 2006 साली एका पाळीव बर्मी अजगरानं विजेवर गरम होणारी आख्खी चादर गिळली, वायरसकट. शस्त्रक्रिया करून ती बाहेर काढावी लागली. 2020 मध्ये सिडनीत एका पाळीव अजगरानं समुद्रावर न्यायचा टॉवेल गिळला. पशुवैद्यांनी तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून लांब चिमट्यानं तो हळूहळू ओढून काढला. हसू येतं खरं. पण आपल्या बाजूला बघा. 2023 मध्ये कर्नाटकात बंटवाळजवळ एक जखमी नाग उपचारांना आणला होता. एक्स-रे काढला तर पोटात प्लॅस्टिकची डबी. भूल देऊन ती काढली म्हणून तो वाचला. 2024 मध्ये भुवनेश्वरला एका नागाच्या जबड्यात खोकल्याच्या औषधाची बाटली अडकली होती. हे नाग कुणी पाळलेले नव्हते. चादर आणि टॉवेल घरातले होते, डबी आणि बाटली मात्र आपण उघड्यावर टाकतो तसल्याच.

आता वडूजचं अंगण घ्या. गोठा, कडब्याची गंजी, एका बाजूला कोंबड्यांचं खुराडं, मागं उकिरडा. उकिरड्यावर काय असतं? मटणाच्या दुकानातून आलेली रक्तानं माखलेली काळी पिशवी. अंड्याचा ट्रे. तेलाचा हात लागलेली फडकी. चुन्याची डबी, औषधाची बाटली. खरकट्यावर उंदीर येतात आणि उंदरांच्या मागं धामण येते. धामणीला आपण बोलावलेलं नसतं, पण पंगत आपणच मांडलेली असते. येरळा नदीच्या काठाला पिशव्यांचे ढीग दिसतात तिथं दिवड आणि धामण दोन्ही वावरतात.

मटण, मासे, कोंबडी ज्या पिशवीतून आणली ती पिशवी घरात धुवा, वाळवा आणि मग कचऱ्यात घाला. जड वाटतं, पण कुत्रीही ती फाडून खातात आणि गायींच्या पोटातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्याची गोष्ट गावात कुणाला नवी नाही. बाटली टाकताना झाकण घट्ट लावूनच टाका. अरुंद तोंडाच्या डब्यात, कॅनमध्ये साप उंदराचा माग काढत डोकं घालतो आणि खवले उलटे अडकून मागं येता येत नाही. असे डबे टाकण्याआधी चेपा किंवा कापा. कोंबडी अंड्यावर बसावी म्हणून काहीजण खुराड्यात प्लॅस्टिकचं किंवा चिनी मातीचं खोटं अंडं ठेवतात. त्याला कोंबडीचा वास लागतो आणि नाग ते खऱ्यासारखंच गिळतो. खऱ्या अंड्याचं कवच पोटात फुटतं, विरघळतं. खोटं अंडं तसंच राहतं, पुढंही जात नाही नि मागंही येत नाही. खोटं अंडं ठेवायचंच असेल तर खुराड्याला बारीक जाळी मारा, म्हणजे साप आत येणार नाही आणि खरी अंडीही वाचतील.

उंदरांच्या औषधाचंही तेच. औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि तोच सगळ्यात आधी मांजराच्या, घुबडाच्या किंवा सापाच्या तोंडी लागतो. औषधाऐवजी पोत्यांची थप्पी जमिनीपासून वर ठेवा, भिंतीची बिळं बुजवा, पिंजरा लावा. चिकट पुठ्ठा लावू नका. त्यावर चिकटलेल्या उंदराला धरायला आलेला तस्कर किंवा कवड्या स्वतः चिकटतो आणि सोडवायला गेलेल्या माणसाला चावतो.

श्रावण आला की आणखी एक गोष्ट सापाच्या घशात जाते, ती आपण भक्तिभावानं घालतो. दूध. साप सस्तन प्राणी नाही. त्याच्या आयुष्यात आईचं दूध नसतं, म्हणून दूध पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. मग गारुड्याच्या टोपलीतला नाग पितो कसा? कारण त्याला आधी बरेच दिवस तहानलेला ठेवलेला असतो, आणि तहानलेला जीव समोर येईल ते ओलं पितो. पुष्कळदा विषाचे दात तोडलेले, तोंड शिवलेलं. जबरदस्तीनं पाजलेलं दूध श्वासनळीत उतरतं, फुप्फुसात साचतं आणि नाग काही दिवसांत टोपलीतच मरतो. मेला की गारुडी दुसरा धरतो. दारात टोपली आली आणि आपण पाच-दहा रुपये टाकले, की पुढच्या नागाची सुपारी आपणच दिली.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांच्या पूजेची मोठी परंपरा. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नाग पकडण्याला आणि खेळवण्याला लगाम घातला. त्यावरून अजूनही भावना दुखावतात, ते समजण्यासारखं आहे. पण आपल्या आज्ज्या करायच्या ती पूजा काय वाईट होती? पाटावर मातीचा किंवा हळदीचा नाग, लाह्या, फुलं. नागपंचमीच्या दिवशी रानात नांगर-कुदळ चालवायची नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. वारुळाजवळ जायचं झालं तर लांबून नमस्कार. वारुळात दूध ओतू नका. त्या दुधाला मुंग्या लागतात, नागाला त्याचा काही उपयोग नाही. ते दूध घरातल्या पोराला द्या.

मांडुळाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. धनाच्या आशेनं त्याला धरणारे आपल्या भागात आहेत. त्याचा भाव वजनावर लावतात, म्हणून त्याच्या तोंडात काहीबाही कोंबलं जातं. मांडूळ माती खाऊन जगतं ही समजूतही साफ खोटी. ते उंदीर-सरडे खातं. त्याला दोन तोंडं नाहीत, शेपटी आखूड आणि बोथट असते एवढंच. त्यानं कुणाचं घर भरल्याचं ऐकलं नाही, कोर्टाच्या फेऱ्या मात्र लागतात.

समजा, अंगणात साप पडलाय, त्याचं पोट टरारलंय किंवा तोंडातून पिशवी लोंबतेय. सगळ्यात आधी हात मागं घ्या. "ओढू का तात्या?" असं कुणीतरी विचारतंच. ओढायचं नाही. दात आत वळलेले असतात हे वर सांगितलं, ओढलं की घसा आतून फाटतो. आणि जबडा ताणलेला असला तरी नाग, घोणस, मण्यार, फुरसं चावायचं विसरत नाहीत. तोंडात तेल घालू नका, पाणी ओतू नका, काठीनं पोट दाबू नका. साप घाबरला की पोटातलं ओकून टाकतो, सुटसुटीत पळता यावं म्हणून. उंदीर किंवा अंडं गिळलेलं असेल तर त्याला निवांत राहू दिलं की तो उबेच्या जागी पडून पचवतो नि निघून जातो. पोट फुगलेला प्रत्येक साप आजारी नसतो, बहुतेक वेळा तो नुसता जेवलेला असतो. पिशवी किंवा डबी स्पष्ट दिसत असेल तरच मदत मागवा. लहान मुलं, कुत्रं, कोंबड्या आत घ्या आणि एकानं लांब उभं राहून साप कुठं सरकतो तेवढं बघत राहावं. मोबाईल बाहेर निघाला की माणूस एकेक पाऊल पुढं जातो, म्हणून शूटिंग करणाऱ्याला दुसऱ्या कुणीतरी मागं धरावं.

सर्पमित्रांनाही विनंती. धरलेला साप चार दिवस घरी ठेवून "जरा खाऊ घालून सोडतो" हा मोह टाळा. बंदिस्त साप ताणात असतो, खाल्लेलं ओकतो. बरणीत वर्तमानपत्र, चिंधी, भुसा आणि त्यावर कोंबडीचा तुकडा ठेवला, तर तुकड्याबरोबर चिंधीही पोटात जाते. धरल्याची नोंद वनखात्याकडं करा आणि जवळच्या योग्य जागी लवकर सोडा.

ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि तिकडच्या कायद्यानं नातवानं साप पाळलाय, त्यांनी फोनवर एवढंच सांगावं. खाणं टॉवेलवर किंवा भुशावर ठेवायचं नाही, ताटलीत ठेवायचं किंवा लांब चिमट्यानं द्यायचं. उंदीर हाताळलेला हात आणि फडकं आधी धुवायचं, मग सापाजवळ जायचं. पिंजऱ्यात तोंडात मावेल असं सुटं काही ठेवायचं नाही. गिळलंच काही, तर घरी उपाय न करता सरळ सापांच्या डॉक्टरकडं.

आपल्याकडं वनखात्याचा मदतीचा क्रमांक 1926 आहे. फोन लावलात तर गाव, वस्ती, जवळची खूण, साप साधारण किती लांब आहे आणि तोंडात नक्की काय दिसतंय ते सांगा. शस्त्रक्रियेची गरज पडली तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं न्यायचं की नाही ते वनखात्याला ठरवू द्या, साप पोत्यात घालून मोटरसायकलवर स्वतः निघू नका. आणि या गडबडीत कुणाला साप चावलाच, तर सापाचं नंतर बघू. आधी 108 ला फोन करा आणि माणूस दवाखान्यात पोचवा.