हवेचा जिना आणि चिमुकला ससाणा

दोस्तांनो, गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवरून किंवा शिवडीच्या किल्ल्यावरून वर पाहिलंत, तर घारी घिरट्या घालताना दिसतील. पंख न हलवता त्या वर कशा जातात? उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची गरम हवा वर चढते आणि घार त्या हवेच्या जिन्यावरून फुकटात वर जाते! म्हणूनच ऊन चढलं, की घारींची शाळा भरते.

रुंद पंखांचे शिकारी पक्षी लांबच्या प्रवासातही हाच जिना वापरतात. समुद्रावर तो सहसा मिळत नाही. म्हणून ते समुद्र टाळून जमिनीवरून वळसा घेतात.

अमूर ससाणा मात्र वेगळाच! वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, म्हणजे पारव्याच्या निम्मं. सैबेरियात आणि उत्तर चीनमध्ये पिल्लं वाढवायची अन् थंडीत दक्षिण आफ्रिका गाठायची, असा त्याचा बेत. वाटेत ईशान्य भारतात उडती वाळवी खाऊन तो चरबी साठवतो. मग नोव्हेंबरात ईशान्य वाऱ्याच्या मदतीने, पंख मारत थेट अरबी समुद्र ओलांडतो. या दिवसांत लोणावळ्याच्या डोंगरमाथ्यावर तो दिसतो. घारीची शेपटी दुभंगलेली असते; ससाण्याचे पंख लांब नि टोकदार असतात. एवढं लक्षात ठेवा, बरं का!

२०१२ साली नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले गेले. त्यांचं मांस विकून गावकऱ्यांना चार पैसे मिळत. तरीही पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार बंद केली! २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमची यंत्रं बसवली. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. उपग्रहामुळे त्यांचा आफ्रिकेपर्यंतचा माग लागला. २०१४ मध्ये नागा आणि पांगती पुन्हा नागालँडात आले!

आपल्याकडे अशी जाळी नाहीत, पण मांजा आहे. संक्रांत सरली तरी तो झाडांवर, तारांवर लोंबत राहतो आणि घारीचा पंख कापतो. असे जखमी पक्षी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात उपचारांसाठी आणले जातात. नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी आली, तरी तो चोरून विकला जातोच.

पांगतीच्या लोकांनी तर हातची कमाई सोडली. आपल्याला फक्त साधा सुती दोरा घ्यायचाय. फार तर एखादा पतंग जास्त कटेल. चालेल ना?