आमचे पुस्तक कोणते?

सायंवंदना आणि जेवण आटोपल्यावर अर्धा तास मी वसतिगृहातील लहान गटाला चित्रांची पुस्तके मोठ्याने वाचून दाखवते. निजताना गोष्ट सांगणारी आजी येथे नसते. तिची उणीव ह्या अर्ध्या तासाने भरून निघते असा माझा दावा नाही. पण मुले त्या वेळेची वाट पाहतात, आणि म्हणूनच त्या वेळी कोणते पुस्तक हाती घ्यावे हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

गतवर्षी पावसाळ्यात मी माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ वाचायला घेतले. स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतःच चित्रे काढणाऱ्या ह्या पुण्याच्या लेखिकेला २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मराठीत चित्र आणि शब्द यांना सारखा मान देणारी पुस्तके थोडी. त्यांत त्यांच्या पुस्तकांचे स्थान वरचे आहे. मुले रंगून ऐकत होती. मध्येच बीड जिल्ह्यातून आलेल्या तिसरीतील एका मुलीने विचारले, “ताई, ह्यांचं घर बारा महिने एकाच जागी असतंय का?” तिचे आईवडील ऊसतोडणीला जातात. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते, फडाच्या आसपास कोपी उभी राहते आणि हंगाम संपला की ती मोडते. प्रश्नात तक्रार नव्हती, निव्वळ कुतूहल होते. उत्तर मात्र मला चटकन देता आले नाही.

ह्याच शहरात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. वेद केवळ ब्राह्मणांचे, तर मग आमचा ग्रंथ कोणता, अशा आशयाचा तिचा सवाल होता. तो धर्मग्रंथाविषयी होता हे खरे. परंतु आमच्या कपाटापुढे उभी राहिले की मला तो चित्रपुस्तकांविषयीही ऐकू येतो. खिडकीतून दुसऱ्याचे घर पाहणे चांगलेच, पण मुलाने आयुष्यभर खिडकीतूनच पाहत राहावे काय?

यावर आमच्यातील काही सहकाऱ्यांचे उत्तर तयार असते : मुलांना बाबासाहेबांचे चरित्र द्या, चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगा. ते आम्ही करतोच, आणि केलेच पाहिजे. परंतु आपल्या समाजातील मूल पुस्तकात येते ते एक तर महापुरुष म्हणून, नाही तर अपमान सोसणारे म्हणून, ही गोष्ट मला खटकते. कोपीत राहणारी मुलगी शेळीच्या पिलामागे धावते, भावाशी भांडते, पावसात भिजून आईची बोलणी खाते. तिच्या अशा साध्या दिवसाचे पुस्तक कोठे आहे? अवहेलनेची कथा मोठ्याने वाचताना वर्गातील सगळ्या नजरा एकाच मुलाकडे वळल्याचे मी पाहिले आहे. ते मूल पुढे आठवडाभर मागच्या ओळीत बसले. पुस्तक उत्तम होते, वेळ चुकीची होती आणि चूक माझी होती. तेव्हापासून अशी पुस्तके मी मोठ्या गटासाठी, मुले एकमेकांना नीट ओळखू लागल्यानंतरच काढते. इतिहास लपवला जातो असा आक्षेप यावर येतो. तो मला मान्य नाही. इतिहास पेलण्याइतकी मैत्री आधी व्हावी, इतकेच माझे म्हणणे.

निवड करताना मी शब्दांच्या आधी चित्रे पाहते. खुर्चीवर कोण बसले आहे, उभे कोण आहे, झाडू कोणाच्या हाती आहे? दुष्ट माणूस दर वेळी काळाच रंगवला आहे काय? अशी तपासणी आपल्या मानलेल्या पुस्तकांचीही करावी लागते. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. मुलांसाठी निवडताना आपण बहुधा हत्ती, माकड आणि हरिण यांच्यापाशीच थांबतो. बोधिसत्त्व चांडाळकुळात जन्मतो ती मातंग जातकाची कथा क्वचितच निघते. ती मी सांगते, आणि मुले ताठ बसून ऐकतात. मात्र आपलीच पुस्तके पुरे, असेही मी म्हणणार नाही. आमच्या मुलांना मोहल्ल्यातील ईद आणि कातकरी पाड्यावरची सकाळही भेटली पाहिजे. दूर देशीच्या बर्फात खेळणारा काळा मुलगाही भेटला पाहिजे. एझ्रा जॅक कीट्स यांनी १९६२ साली असा मुलगा चित्रपुस्तकात आणला, तेव्हा अमेरिकेतही ती नवलाई होती.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही मुलांकडूनच आपापल्या घरांची पुस्तके करून घेतली. वीटभट्टीवरचे घर आले, ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतले आले. एका मुलाने काहीही काढायला नकार दिला. त्याला कोणी आग्रह केला नाही. कोपीचे पुस्तक दोऱ्याने शिवले आणि इतर पुस्तकांच्या रांगेत ठेवले. ते वाचताना मी त्यातले ‘असतंय’ बदलून ‘असते’ करीत नाही.

ही स्मरणिका वाचणाऱ्या हितचिंतकांना एक विनंती. दर १४ एप्रिलला आपण प्रेमाने ग्रंथ भेट देता, आणि एकाच चरित्राच्या डझनभर प्रती आमच्याकडे जमतात. त्यांतील एका प्रतीच्या पैशांत एखादे चित्रपुस्तक येते. ते मोठ्या आकाराचे पाहावे, मागच्या ओळीतल्या मुलालाही चित्र दिसेल असे. आणि देण्यापूर्वी घरी एकदा मोठ्याने वाचून पाहावे.